क्लच जिंकू लागला

आमच्या कॅरमच्या अड्ड्यावर एकच नियम आहे. घरचं घरी. बोर्डावर बसून जो घरची गोष्ट काढेल, त्याने एक डाव बाहेर बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. हा नियम मी केला. मास्तर स्ट्रायकर हातात धरून सुनेची गाऱ्हाणी सांगत बसायचे, त्या सुनेच्या नादात समोरच्याचा नेम चुकायचा, आणि समोरचा म्हणजे बहुतेक वेळा मीच असायचो.

मास्तर म्हणजे शिंपी. खोली त्यांचीच, दुकानाच्या मागची. भिंतीवर गिऱ्हाइकांच्या मापांचे कागद टांगलेले, कोपऱ्यात इस्त्री, मधोमध पत्र्याच्या पिंपावर बोर्ड. बोर्डावर कुठूनतरी दोऱ्याचा तुकडा येऊन पडतोच, आणि जो हरतो तो त्या दोऱ्याला शिव्या घालतो. बाई लायब्ररीत काम करतात. त्या खेळताना बोलत नाहीत आणि जिंकल्यावर तर मुळीच बोलत नाहीत, त्यामुळे हरलेल्याला आणखी झोंबतं. माझं चष्म्यांचं दुकान आहे. आमच्यात सगळ्यांत चांगला खेळतो तो मी. बाईंना हे मान्य नाही, पण तो त्यांचा प्रश्न.

आणि चौथा क्लच. हा गाडी शिकवतो. जन्मभर शिकाऊ माणसांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसल्यामुळे त्याचा उजवा पाय स्वतःच्या मनाने वागतो. समोरच्याने नेम धरला की याचा पाय फरशीवर ब्रेक दाबायला लागतो. गाडीत इतका जपून वागणारा हा माणूस बोर्डावर मात्र ट्रक हाणल्यासारखा स्ट्रायकर मारायचा. सोंगट्या बोर्डाबाहेर, कधी मास्तरांच्या कापडाच्या गठ्ठ्यात, एकदा तर माझ्या चहात. जोडीने खेळलो तर क्लच कोणाच्या गळ्यात पडणार यावरून भांडणं व्हायची, म्हणून आम्ही एकेरी खेळतो. दोघं खेळतात, दोघं बघतात आणि नावं ठेवतात. इतक्या वर्षांत क्लच एकदाही जिंकला नव्हता. तरी रोज सगळ्यांच्या आधी हजर असायचा, बोर्ड पुसायचा, पावडर टाकायचा आणि म्हणायचा, "आज बघा." आम्ही बघायचो. काही बघण्यासारखं नसायचं.

त्या संध्याकाळी तो सगळ्यांच्या नंतर आला. बोर्डाजवळ उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, "हिच्या पोटात गाठ निघालीय. मोठ्या नसेला चिकटलेली आहे. ऑपरेशन सांगितलंय. डॉक्टर म्हणाले, अर्धी आशा धरा. हिला मी यातलं काही सांगितलेलं नाही. साधं ऑपरेशन आहे म्हणालोय."

एवढं बोलून तो कोपऱ्यात गेला आणि इस्त्रीशेजारच्या स्टुलावर बसला. काय झालं ते आमच्या लक्षात यायला वेळ लागला. घरचं बोलला म्हणून तो एक डाव बाहेर बसला होता.

मास्तर माझ्याकडे बघायला लागले, बाई माझ्याकडे बघायला लागल्या. नियम माझा, तर मोडायचाही मीच. मी म्हणायला हवं होतं, अरे ऊठ, हे काय करतोस. पण मी सोंगट्या मांडायला घेतल्या. मी आणि बाई तो डाव खेळलो. कोण जिंकलं ते दोघांनाही आठवत नाही, आणि आम्हा दोघांच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी क्लच यायच्या आधी आम्ही तिघं जमलो. काहीतरी करायला हवं यावर एकमत झालं. काय करायचं यावर होईना. मास्तर म्हणाले, डबा पोचवू. कळलं की त्याची बहीण येऊन राहिलीय आणि तिच्या स्वयंपाकघरात दुसऱ्याच्या डब्याला थारा नाही. बाई म्हणाल्या, हॉस्पिटलात पाळीपाळीने बसू. तिथेही बहीण. धीराचं बोलावं तर घरचं बोलायचं नाही हा आमचा नियम, आणि खरं सांगायचं तर नियम नसता तरी आम्हाला ते बोलता आलं नसतं. आम्हाला कॅरम येतो, दुसरं काही येत नाही.

"मग त्याला जिंकू द्या," मास्तर म्हणाले.

मला कल्पना आवडली. आवडली म्हणजे पोटात दुखलं, पण आवडली. बायको अशी आजारी, घरी गेल्यावर खायला उठणाऱ्या खोल्या, निदान इथून जाताना माणूस हसत जाईल. बाईंनी चष्मा काढून पुसला. "जमेल तुम्हाला?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, न जमायला काय झालं, हरायचंच तर आहे.

ते अजिबात सोपं नव्हतं. क्लचपुढे हरायचं म्हणजे त्याच्याहून वाईट खेळायचं, आणि त्याच्याहून वाईट खेळणं कोणी कधी पाहिलेलं नव्हतं. मास्तर लाज सोडून हरायचे. दर दोन फटक्यांमागे स्ट्रायकरच भोकात घालायचे आणि वर कपाळावर हात मारून "काय हे हात!" असं ओरडायचे, एखाद्या नाटकमंडळीने हाकलून दिलेल्या नटासारखे. बाईंची गोष्ट वेगळी. त्यांची सोंगटी भोकाच्या तोंडापर्यंत जायची, तिथे जरा विचार करायची आणि थांबायची. इतक्या सफाईने चुकणं हे जिंकण्यापेक्षा अवघड आहे हे मला कळत होतं आणि ते त्यांना सांगता येत नव्हतं. मी मधला मार्ग धरला. क्लचच्या सोंगट्या मारता मारता चुकून त्याच्या सोयीच्या जागी नेऊन ठेवायच्या, म्हणजे पोराला घास भरवावा तसं. तरी पहिल्या खेपेला त्याने राणी घेतली, लगेच मागोमाग स्वतःची सोंगटी घालून ती पक्की केली आणि डाव जिंकला, तेव्हा माझ्या हाताला घाम आला होता.

क्लच उठून उभा राहिला. "जिंकलो?" त्याने विचारलं.

"जिंकलास बाबा," मी म्हणालो.

तो घरी न जाता थेट हॉस्पिटलात गेला, वहिनींना सांगायला. वहिनींना आमच्या अड्ड्याची बित्तंबातमी असायची हे आम्हाला ठाऊक होतं. कोण कोणाला काय बोललं, कोणी रडीचा डाव खेळला, सगळं तो रोज घरी जाऊन सांगायचा आणि त्या पोट धरून हसायच्या. आम्ही तिघं खुशीत होतो. एका दगडात नवरा-बायको दोघंही सुखावले असं मास्तर म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

मग तो जिंकतच गेला. वहिनींना तपासण्यांसाठी आणि ताकद भरून यायला हॉस्पिटलातच ठेवलं होतं, आणि इकडे आमची अब्रू रोज थोडी थोडी जात होती. गंमत म्हणजे क्लचला कसलीच शंका आली नाही. उलट तो मला शिकवायला लागला. "चष्म्या, मनगट सैल सोड. तू ना फार विचार करतोस." मी, मी, मान हलवून "बरोबर आहे" म्हणायचो. बाई तोंडावर रुमाल धरायच्या.

एक दिवस तो आला तो बसलाच नाही.

"ती सही करत नाही," तो म्हणाला.

"कसली?"

"ऑपरेशनच्या कागदावर. म्हणते, करायचंच नाही. मला घरी घेऊन चला." त्याचा आवाज चिरकत होता. "म्हणाली, तुम्ही पहिल्यांदा जिंकलात तेव्हा मी हसले. दुसऱ्यांदा म्हणाले, चला, नशीब. पण ते चष्मेवाले भावजी रोज हरतात? आणि बाईसुद्धा? ही माणसं एकमेकांच्या वाढदिवसालासुद्धा डाव सोडत नाहीत. म्हणजे माझं काही खरं नाही. सगळ्यांना सांगितलंय, मला एकटीला नाही. मरायचंच आहे तर पोट कशाला फाडून घेऊ?"

मास्तरांनी हातातली कात्री खाली ठेवली.

क्लचने आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. "तुम्ही मला जिंकू देत होतात?"

बाई म्हणाल्या, "हो."

"सगळे डाव?"

"सगळे," बाई म्हणाल्या. खोटं बोलायचं त्यांना पूर्वीपासूनच वावडं आहे.

क्लचचा चेहरा पडला तो मला बघवेना. बायको मरणाच्या दारात आणि वर हे. "आजारी ती आहे," तो म्हणाला. "मी नाही. इथे आलो की मी तिचा नवरा नसायचो, नुसता क्लच असायचो. तेवढंच होतं मला. तेही तुम्ही काढून घेतलंत."

मला वाटलं, जमीन दुभंगावी. चांगलं करायला गेलो आणि सगळं अंगाशी आलं. अपमान त्याचा केला होता आणि जीव वहिनींचा टांगणीला लावला होता. "चल," मी म्हणालो. "बोर्ड उचल. वहिनींच्या डोळ्यांदेखत तुला असा धुतो की त्यांना सगळं पूर्वीसारखं आहे हे कळेल."

"आणि ती विचारेल की मग आधी का हरत होतात?"

"हात दुखत होते म्हणून सांगू," मास्तर म्हणाले. याहून चांगलं कोणाला सुचलं नाही.

भेटीच्या वेळेत आम्ही वॉर्डात शिरलो. पुढे मी आणि मास्तर बोर्ड आडवा धरून, मागे बाई सोंगट्यांची पिशवी घेऊन, सगळ्यांच्या मागे क्लच. सिस्टरने दारातच अडवलं. बाईंनी तिच्याशी लायब्ररीतल्या खालच्या आवाजात काहीतरी बोलून घेतलं आणि ती तयार झाली, पण पावडरचा डबा तिने काढून घेतला. "इथे धूळ उडवायची नाही. पेशंट आहेत."

बिनपावडरीचा बोर्ड. मी म्हणालो, काही बिघडत नाही, क्लचला हरवायला पावडर कशाला लागते.

वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या. किती वाळल्या होत्या. मी दारात क्षणभर थांबलो, मग उगाच मोठ्याने म्हणालो, "वहिनी, नवऱ्याची फार हवा झालीय, ती काढायला आलोय." त्या नुसत्या आमच्याकडे बघत राहिल्या. जेवणाच्या चाकाच्या टेबलावर आम्ही बोर्ड ठेवला, चाकं हलू नयेत म्हणून मास्तरांनी पाय लावला, आणि मी क्लचसमोर बसलो.

पहिला फटका मारला आणि काय होणार ते मला कळलं. कोरड्या बोर्डावर माझा तो हलका, मोजून मारलेला हात काही कामाचा नव्हता. सोंगटी निघायची, अर्ध्यात पोचायची आणि चिखलात रुतल्यासारखी उभी राहायची. आणि क्लच? त्याचा ट्रक पहिल्यांदाच त्याच्या लायकीच्या रस्त्यावर आला होता. जितका जोर नेहमी जास्त व्हायचा, तितकाच इथे लागत होता. शिवाय इतके दिवस आम्ही त्याला सोप्या सोंगट्या वाढून ठेवत होतो, त्यात त्याचा हात फुकटात बसला होता हे माझ्या आत्ता लक्षात आलं. त्याने एक घातली. मग दुसरी. मी घामाघूम झालो. जीव तोडून खेळलो, इतका की गेल्या कित्येक वर्षांत खेळलो नव्हतो. राणी माझ्याकडून दोनदा भोकाच्या तोंडाशी अडली. तिसऱ्या खेपेला त्याने घेतली.

क्लच स्वतःच घाबरला. "अरे, मार की नीट," तो माझ्या कानाशी पुटपुटला. "काय करतोस?"

"नीटच मारतोय!" मी दात आवळून म्हणालो.

मी हरलो. मग बाई बसल्या. बाई ओठ घट्ट मिटून खेळल्या आणि हरल्या. त्यांच्या कपाळावर मी पहिल्यांदा आठी पाहिली. मास्तर टेबलाला पाय लावून उभे होते, त्यांची पाळी आलीच नाही.

"पुरे," वहिनी म्हणाल्या. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. "कळलं मला. माझ्यासमोरसुद्धा हरलात. एवढं वाईट आहे का?"

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. शहाणा माणूस बसला असता. पण इतके दिवस खोटं हरून हरून मी कावलो होतो, आणि आता खरा हरलो तर त्यावर कोणाचा विश्वास नाही! माझं डोकंच फिरलं.

"वहिनी, मी खरा हरलोय!" मी ओरडलो. सिस्टर दारात येऊन उभी राहिली. "आधीचे सगळे डाव खोटे होते, कबूल. डॉक्टर अर्धी आशा म्हणाले म्हणून आम्ही मूर्खपणा केला. पण हा डाव खरा! तुमच्या नवऱ्याने मला हरवलंय, पार धुतलंय, आणि तुम्ही म्हणता मी सोडला? मी?"

बोलून गेलो आणि मग काय बोललो ते कळलं. मास्तरांचा पाय टेबलावरून निसटला. क्लचने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता या मला आयुष्यभर पुस्तक देणार नाहीत.

वहिनी हळूहळू आमच्याकडे वळल्या.

"अर्धी?" त्या म्हणाल्या.

मी सोंगट्या पिशवीत भरायला लागलो.

"अहो, तुम्हाला विचारतेय. डॉक्टर अर्धी म्हणाले?"

क्लचने तोंडावरचे हात न काढता मान हलवली.

"अर्धी आहे?" त्यांचे डोळे एकदम भरून आले. "मग सांगायला काय झालं होतं? मी इथे रात्रंदिवस काहीच नाही असं धरून पडलेय. माझ्यामागे घर कसं चालेल, तुम्हाला साधा भात लावता येत नाही, याचा विचार करकरून डोकं फुटायची वेळ आली. आणि अर्धी आहे? अहो, अर्धी म्हणजे केवढी!"

"तू घाबरशील म्हणून..." क्लच म्हणाला.

"मी घाबरेन म्हणून! आणि हे चौघं शूर!" त्या रडत होत्या आणि रागावतही होत्या. "जिवाला घोर लावलात सगळ्यांनी मिळून. आणा तो कागद. आणि भावजी, तुम्ही तो बोर्ड घेऊन निघा आधी. सिस्टर बघा कशी बघतेय."

आम्ही निघालो. जिन्यात मास्तर डोळे पुसत होते. बाई म्हणाल्या, "तुम्ही मूर्ख आहात. पण आज बरं झालं." बाईंच्या तोंडून मला मिळालेली ही एकमेव शाबासकी.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही तिघं कॉरिडॉरमध्ये बाकावर बसून होतो. बहिणीनेही या वेळी हरकत घेतली नाही. क्लच भिंतीशी उभा होता आणि त्याचा उजवा पाय फरशीवर सारखा दाबला जात होता, जोराजोराने. कोणी त्याला धीर दिला नाही. मी जाऊन शेजारी उभा राहिलो, तेवढंच. मग डॉक्टर आले, म्हणाले गाठ निघाली, नस वाचली, पुढचे काही दिवस नाजूक आहेत पण आजचं निभावलं. क्लच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मीही रडलो. मला त्याची लाज वाटत नाही.

वहिनी घरी आल्या तेव्हा आम्ही भेटायला गेलो. आवाज अजून बारीक होता. क्लच चहा करायला आत गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"भावजी, एक काम करा. त्यांना परत हरवायला लागा."

"वहिनी, आता तर..."

"मला माहितीय तुम्ही त्या दिवशी खरे हरलात. पण ते जिंकून आले की माझ्या पोटात गोळा येतो. वाटतं, अजून काहीतरी लपवतायत. हरून आले की मला बरं वाटतं. तेवढं करा."

मी शब्द दिला. त्या संध्याकाळी बोर्डावर भरपूर पावडर टाकली, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि मनापासून खेळायला बसलो. हरलो. दुसऱ्या दिवशी बाई हरल्या. मास्तर तर कोणाकडूनही हरतात. क्लचचा हात बसला होता तो बसला. आता कधीमधी मी जिंकतो, पण ते क्लचला बरं नसलं तर.

वहिनी आता बऱ्याच सावरल्या आहेत. तपासणीला जातात, बाकी घरातलं सगळं बघतात. परवा रस्त्यात भेटल्या. मी नजर चुकवून पुढे जाणार होतो, दिलेला शब्द पाळता येत नाही म्हणून. पण त्यांनीच हाक मारली. चेहरा खुललेला होता.

"भावजी, शब्दाला जागलात हो. रोज येतात आणि सांगतात, आज पण हरलो, चष्म्याने पार धुवून काढलं. ऐकलं की मला शांत झोप लागते." मग जरा जवळ येऊन म्हणाल्या, "पण एवढंही नका हो पिदडू त्यांना. बिचारे मन लावून खेळतात. अधूनमधून एखादा डाव सोडत जा."

क्लच मागे पिशवी घेऊन उभा होता. त्याच्या आदल्याच संध्याकाळी त्याने मला ओळीने सगळ्या डावांत हरवलं होतं. तो माझ्याकडे बघेना. दुकानाच्या पाटीकडे बघत उभा राहिला, आणि त्याचा पाय रस्त्यावर ब्रेक दाबत होता.

मी म्हणालो, "बघतो, वहिनी. पण सवय लागते हो जिंकायची."